अंबराची डबी

समुद्र पाहावयाचा झाल्यास पूर्वेकडची गाडी धरावी की पश्चिमेकडची, हा प्रश्न ज्या मुलखातील माणसाला प्रथम सोडवावा लागतो, आणि लाट म्हटली की ज्याच्या डोळ्यांपुढे निसवलेल्या धानाच्या बांधीवरून वाऱ्याबरोबर सरकत जाणारी हिरवी वळीच तेवढी येते, त्या चांदा जिल्ह्यात उभे आयुष्य काढलेल्या मनुष्याने समुद्रातील एका महाकाय प्राण्याच्या पोटात जन्मणाऱ्या पदार्थाविषयी लिहावयास बसावे, हे थोडेसे अधिकाराबाहेरचे वर्तन आहे हे मला मान्य आहे. (चांदा म्हणण्याची सवय जात नाही. १९६४ साली त्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. परंतु वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत एकाच जिल्ह्याच्या दफ्तरात ज्यांनी खर्डेघाशी केली, त्यांच्या मनातील नकाशा अद्याप अखंड आहे.) माझी सबब एवढीच की, आमच्या घरच्या फडताळात पाऊणशे वर्षांपासून एक डबी आहे, आणि त्या डबीत अंबर आहे असे आमच्या तीन पिढ्या मानीत आल्या आहेत.

डबी चांदीची, आवळ्याएवढी, झाकणावर कमळाची कळी कोरलेली. आजोबा नागभीडकडच्या एका मालगुजाराचे मुखत्यार होते. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजारांनी काही काळ सरकारला दूषणे देण्यात घालवून पुढे भाताची गिरणी काढली, आणि आजोबांच्या वाट्याला चार रुमाल कागद, एक पितळी दौत व ही डबी एवढी इस्टेट उरली. ती डबी भरली गेली ती मात्र त्याआधी. धानाचे चुरणे आटोपून गावाच्या हातात थोडाफार पैसा खुळखुळू लागला की पौषातल्या एखाद्या सकाळी नागभीडच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून कनोजचे एक वयोवृद्ध अत्तरवाले उतरत, त्यांना सारे गाव खाँसाहेब म्हणे, आणि मखमलीचे अस्तर असलेली त्यांची पेटी आमच्या ओसरीवर उघडली की गुलाब, केवडा, खस, हिना, शमामा अशा कुप्यांची रांग लागे व आम्हा पोरांच्या कानांत एकेक फाया फुकट मिळे. त्याच पेटीच्या तळातून, तलम कागदाच्या सात घड्या उलगडून, त्यांनी तो करडा खडा काढला होता. “मुखत्यारसाहब, ये दर्या का माल है,” एवढेच ते म्हणाले असे आजोबा सांगत, आणि तेवढ्यावर आजोबांनी एका गोऱ्ह्याची किंमत मोजली, हे आजी सांगे. गोऱ्ह्याच्या जोडीला जोड उरली नाही, ही तक्रार तिने मरेपर्यंत मागे घेतली नाही.

त्या खड्याचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मी फार हिरमुसलो होतो. त्यात फुलाचा अंशही नव्हता. जुने लाकूड, ओली माती, देवळाचा बंद गाभारा, असे काहीसे एकत्र झाल्यासारखे वाटले. आजोबा म्हणाले, “बाळा, हा वास घ्यायचा नसतो. हा दुसऱ्या वासाला बसायला दिलेला पाट आहे.” शालीच्या पदराला ते आधी हा खडा हलकेच घासत आणि मग त्या जागी खस लावीत, आणि ती शाल फाल्गुनापर्यंत खसाने दरवळत असे, हे मात्र मी स्वतःच्या नाकाने अनुभवले आहे.

अंबर या शब्दाशी माझी खरी गाठ पडली ती महसूल खात्यात. संस्कृतातले अंबर म्हणजे आकाश व वस्त्र, हे शाळेतल्या कोणाही पोराला ठाऊक असते. पण अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा दुसरा अंबर आपल्या भाषेत शिरला तो अत्तराच्या कुपीपेक्षाही जमाबंदीच्या कागदातून. इथियोपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादेस एका व्यापाऱ्याच्या घरी अंबर हे नाव पावलेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर, ज्याने १६१० साली खडकी वसवली व १६२६ साली ज्याचा देह खुलताबादेस विसावला, त्याने जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा बसवण्याची जी रीत घातली, तिला मराठी कुणब्याने मलिकंबरी म्हणून पुढे कैक पिढ्या ओळखले. काळ्या गुलामांना सुगंधाची अथवा रत्नांची नावे देण्याचा त्या काळच्या बाजाराचा रिवाज होता: कोणी काफूर, कोणी याकूत, कोणी अंबर. माणसाला विकावयाचे आणि त्याला नाव द्यावयाचे कापराचे, या सौजन्याविषयी काय बोलावे! पण शेतसाऱ्याच्या फडात बसून ज्या पुरुषाचे नाव आम्ही इतक्या सहजपणे घेत होतो, त्या नावाचा अर्थ आमच्या फडताळात होता, हे मला नोकरीची दहा वर्षे झाल्यावर एका मौलवीसाहेबांकडून कळले.

हा पदार्थ येतो कोठून, या प्रश्नाने जितक्या विद्वानांना चकवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने चकवले असेल. आपल्या रसशास्त्रात अग्निजार नावाचा एक साधारण रस आहे. अग्निनक्र नामक जलचराच्या गर्भवेष्टनाचा भाग समुद्र बाहेर टाकतो आणि तो किनाऱ्यावर उन्हाने वाळतो, असे त्याचे वर्णन रसरत्नसमुच्चयात येते, व तोच हा अंबर असे पुष्कळ वैद्य मानतात. त्याच गणात कंपिल्लक आहे, म्हणजे आपल्या रानातील शेंदरीच्या फळांवरची तांबडी भुकटी. समुद्रातला अग्निजार व डोंगरातली शेंदरी ज्या ऋषितुल्य मंडळींनी एका ओळीत बसवली, त्यांना भूगोलाची अडचण वाटली नाही.

परंतु माझे खरे प्रेम अबुल फजलच्या मतावर आहे. अकबराच्या दरबारातील या चिकित्सक गृहस्थाने ऐने अकबरीत सुगंधी द्रव्यांचा परामर्श घेताना अंबराविषयीच्या वदंता ओळीने मांडल्या आहेत: कोणी म्हणतो तो समुद्राच्या तळाशी उगवतो, कोणी म्हणतो तो समुद्रातील गाईचे शेण आहे, कोणी म्हणतो तो लाटांचा फेस, कोणी म्हणतो बेटांवरील डोंगरांतून झिरपणारा रस. आणि हे सगळे सांगून झाल्यावर आपला स्वतःचा कौल त्याने दिला आहे तो असा की, अंबर हे मेण असावे. डोंगरांवर मधाचा सुकाळ झाला की तो वाहत वाहत समुद्रास मिळतो, मेण वर तरंगते, उन्हाने घट्ट होते, आणि मधमाश्यांनी तो मध सुवासिक फुलांतून आणलेला असल्यामुळे मेणालाही सुवास असतो. कधी कधी त्यात मेलेल्या माश्या सापडतात, असा पुरावाही त्याने जोडला आहे.

मत सपशेल चुकीचे आहे. तरीही भामरागडच्या बाजूला, उंच अर्जुनाच्या फांदीखाली आग्या मोहोळाची परातीएवढी पोळी ओळीने लोंबत असलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ते सोडवत नाही. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. सिरोंच्याच्या घाटावर आषाढातले गढूळ पाणी पाहत उभे असताना, या लोंढ्यातून आपल्याही रानाचे चिमूटभर मेण समुद्राकडे निघाले असेल, असे मनात येऊन मी अबुल फजलला अनेकदा मनोमन मुजरा केला आहे.

खरी हकीकत मात्र मधासारखी गोड नाही. १७८३ साली श्वेडियावर नावाच्या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की, अंबर हा स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ आहे, आणि अबुल फजलच्या माश्यांचेही रहस्य तेथेच उलगडते, कारण त्यात रुतलेले जे काळे टोकदार तुकडे लोकांना कीटकांचे अवयव अथवा पक्ष्यांच्या चोची वाटत, त्या वस्तुतः म्हाकुळांच्या चोची होत. हा देवमासा खोल समुद्रात बुडी मारून म्हाकुळे खातो. मऊ भाग पचतो, पोपटाच्या चोचीसारखी ती कठीण चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. परंतु काही आतड्यात उतरतात, तेथे टोचतात, त्यांच्याभोवती मेणासारखा स्निग्ध पदार्थ साचत जातो, आणि शंभरात एखाद्याच देवमाशाच्या पोटात त्याचा गोळा बनतो. तो मलमार्गाने बाहेर पडतो, किंवा देवमासा मेल्यावर त्याच्या शरीरातून सुटतो. आमची वृत्तपत्रे त्याला ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात. बातमीदारांनी दोन मार्गांपैकी अधिक सभ्य मार्ग निवडला असावा, याखेरीज या नावाला आधार नाही.

ताजा अंबर काळा, मऊ आणि शेणासारखा दुर्गंधी असतो. तो पाण्याहून हलका असल्यामुळे तरंगतो, आणि मग सुरू होते त्याची खरी साधना: खारे पाणी, वारा आणि ऊन यांच्या हवाली होऊन वर्षानुवर्षे भटकताना तो काळ्याचा करडा होतो, करड्याचा कधी कधी पांढुरका होतो, वरची घाण झडते आणि समुद्र, तंबाखू, जुने लाकूड यांची आठवण करून देणारा एक उबदार गंध शिल्लक राहतो. रसायनशास्त्र सांगते की, यातील मुख्य द्रव्य जे अँब्रेन, त्याला स्वतःला वास नसतो; प्राणवायू आणि सूर्यप्रकाश त्याचे तुकडे करतात तेव्हा त्या तुकड्यांना वास येतो. त्याची रचना १९४६ साली रुझिच्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकलली, आणि १९५० साली फिर्मेनिश या स्विस कंपनीच्या रसायनज्ञांनी क्लॅरी सेज नावाच्या एका युरोपीय वनस्पतीतील द्रव्यापासून त्या गंधाचा मुख्य घटक, अँब्रॉक्स, हाती करून घेतला. आज जगातील बहुतेक अत्तरांत देवमासा नसतो, ही वनस्पती किंवा प्रयोगशाळा असते. बाजारात अंबर म्हणून मिळणाऱ्या आपल्याकडील कुप्यांची गोष्टही वेगळी नाही.

पण मूळ वापरायची रीत समजून घेण्याजोगी आहे. अंबराची बारीक पूड मद्यार्कात घालून महिनोन् महिने मुरवीत आणि तो अर्क अत्तरात थेंबाथेंबाने मिसळीत. त्याचे काम स्वतः मिरवण्याचे नव्हते. गुलाबाचा, लिंबाचा, मोगऱ्याचा गंध उडून जाण्याच्या घाईत असतो, आणि ज्याचे रेणू जड, ज्याची वाफ सावकाश होते, असा कोणी त्याच्या सोबतीला नसेल तर तो तासाभरात रजा घेतो. फूल सुगंध देते हे खरे. तो टिकवण्यासाठी मात्र अत्तरकारांनी जुन्या काळापासून प्राण्याच्या देहाकडे, आणि देहातही जेथे आपण नाकाला पदर लावू तेथेच, धाव घेतली आहे. आजोबांच्या पाटाचा अर्थ हा.

आणि या बाबतीत आमच्या रानाने समुद्रापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. जवादी मांजर येथे आहे. रात्री पायवाटेवरून खाली मान घालून सरसर जाणारे, अंगावर ठिपक्यांच्या रांगा असलेले हे जनावर शेपटीखालच्या ग्रंथीतून जो लोण्यासारखा उग्र पदार्थ सोडते, तो जवादी अथवा जबाद या नावाने अत्तराच्या बाजारात अंबराच्या शेजारीच बसत असे. अबुल फजलच्या यादीतही दोघे आहेतच. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी वस्ती मोठी आहे, आणि तेलुगूत याला पुनुगु पिल्ली म्हणतात. तिरुपतीच्या बालाजीच्या शुक्रवारच्या अभिषेकानंतर त्याच्याच द्रव्याचा लेप लावण्याची वहिवाट आहे, हे तिकडच्या एका तलाठ्याने मला सांगितले तेव्हा मी प्रथम अविश्वासाने हसलो. पुढे खात्री करून घेतली आणि हसणे परत घेतले.

परंतु या प्रकरणातील खरा राजा निराळाच. चार वर्षांमागे नातवंडांच्या हट्टाखातर मोहर्लीच्या फाटकातून ताडोब्यात गेलो. १९५५ पासूनचे हे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, पण चाकरीच्या दिवसांत आम्ही त्यातून कामापुरते गेलो होतो, पाहण्यासाठी कधीच नाही. वाघ काही दिसला नाही. एका वळणावर रस्त्यावर झुकलेल्या मोहाच्या बुंध्यापाशी आमच्याबरोबरच्या गाईड मुलीने गाडी थांबवायला लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबाजी, दमानं श्वास घ्या जी. भात शिजून राह्यल्यावानी वास येते का नाही?” मी श्वास घेतला, आणि सत्तर वर्षांपूर्वीची आमची चूल पेटली. मातीच्या गाडग्यात रटरटणारा चिन्नोर! पाहुणे आले की आजी जो तांदूळ कोठीतून काढी, त्याचाच तो वास होता. मुलगी हसली. “काल राती वाघानं मारलं हाये थितं,” ती म्हणाली.

वाघ शेपटी उभारून मागच्या मागे झाडावर जो फवारा मारतो, त्याची ही किमया. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओरिसातल्या जशीपूरला, सिमलीपालचे अधिकारी सरोजराज चौधरी यांच्या घरी लहानपणापासून वाढलेल्या खैरी नावाच्या वाघिणीपासून हा ध्यास घेतला आणि वर्षानुवर्षे वाघाच्या फवाऱ्याची नाकाने व उपकरणांनी चिकित्सा केली. १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले की, सुवासिक तांदळाला ज्यामुळे वास येतो तोच रेणू, टू-असिटिल-वन-पायरोलीन, वाघाच्या या फवाऱ्यात आहे. तोच रेणू मोहाच्या फुलांतही आहे, आणि तेथे तो कसा तयार होतो याचा अभ्यास पुणे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला आहे. म्हणजे धानाची बांधी, चैत्रात पहाटे टपटपणारा मोह आणि वाघ, या आमच्या मुलखाच्या तीन दैवतांचा गंध एकच निघाला.

पण मला अधिक थरार वाटला तो पुढच्या गोष्टीचा. या फवाऱ्यात नुसते मूत्र नसते. त्यात स्निग्ध द्रव्ये मिसळलेली असतात, आणि उडून जाऊ पाहणाऱ्या गंधाला तीच धरून ठेवतात, म्हणून ‘हा मुलूख माझा’ हा वाघाचा हुकूम ऊन-वारा सोसून झाडाच्या सालीवर दिवसचे दिवस शाबूत राहतो. कनोजच्या अत्तरवाल्याने, पॅरिसच्या गंधकाराने आणि आमच्या मुखत्यार आजोबांनी जे केले, ते वाघ आपले आपण करीत आला आहे. आमच्या आजीला हे ऐकवायला हवे होते. ती म्हणाली असती, वाघाने गोऱ्ह्याची किंमत मोजली का? (मोजत नाही, गोऱ्हाच नेतो. हा भाग तिला नक्की ठाऊक होता.)

आता डबीकडे येतो. हल्ली कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्याकडे आणि पुण्याकडेही अंबर जप्त झाल्याच्या बातम्या वरचेवर असतात. छायाचित्रात टेबलावर करडे गोळे, मागे ओळीने उभे अंमलदार, आणि मथळ्यात कोटींचे आकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला जसे आपल्या छत्राखाली घेतले आहे तसेच या देवमाशालाही, आणि त्याच्या देहातून आलेली वस्तू बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे, मग ती वाळूत आपोआप सापडलेली का असेना. आमच्या चंद्रपूरच्या वन अकादमीत सागाची मोजणी शिकलेला एखादा वनक्षेत्रपाल मालवणच्या वाळूत देवमाशाच्या विष्ठेचा पंचनामा करीत असेल, ही कल्पना मला मोठी रम्य वाटे. तोवर वाटे, जोवर एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला फडताळाची आठवण झाली नाही. चौतीस वर्षे सरकारची इमानाने चाकरी करून निवृत्त झालेल्या अव्वल कारकुनाच्या घरात मुद्देमाल! दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सामसूम झाल्यावर मी डबी काढली, आजोबांनी सांगून ठेवलेली जुनी कसोटी आठवली आणि देवघरातल्या निरांजनावर सुई तापवली. खऱ्या अंबरात तापली सुई टोचली की तो तेथल्या तेथे काळपट तेलासारखा वितळतो. मी टोचली. खडा वितळला नाही. फसफसला, तांबूस चिकट थेंब वर आला आणि पांढऱ्या धुराची एक रेघ छताकडे निघाली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, दिवेलागणीला अजून अवकाश आहे, आत्ताच धूप का घातला?”

मी काही बोललो नाही. वास मलाही ओळखू आला होता. सालईचा डिंक. वैद्यकातील शल्लकी, कुंदराची सख्खी बहीण, आमच्याच कोरड्या टेकड्यांवर सोललेल्यासारखी कागदी साल घेऊन उभी असणारी. तिच्या खोडावर टवका मारून काढलेला डिंक रानातली माणसे व्यापाऱ्याला विकतात, व्यापारी तो उत्तरेला पाठवतो, आणि त्यातलाच एखादा जुना करडा खडा सात घड्यांच्या कागदातून, दर्याचा माल होऊन, छोट्या गाडीने नागभीडला परत आला असला पाहिजे. खाँसाहेबांनाही कोणी तो तसाच विकला असेल. त्या वृद्धाच्या डोळ्यांत लबाडी पाहिल्याचे मला स्मरत नाही. आणि शाल फाल्गुनापर्यंत दरवळत असे, हे तर खोटे नव्हतेच, कारण डिंक आणि राळ यांनाही गंध धरून ठेवण्याची तीच विद्या अवगत आहे.

तेव्हा कोणी चौकशीला आलेच, तर माझ्या हातचा पंचनामा तयार आहे: डबी चांदीची, नग एक, झाकणावर कळी, वजन अंदाजे दोन तोळे, आत सालईचा डिंक, खडा एक, सुईने टोचलेला, किंमत चालू बाजारभावाने चार ते सहा रुपये.